जंतूच्या पोटातली मोटर

मेकॅनिकलच्या मुलीनं टीबीवर काय लिहायचं, असं रूमवर सगळ्यांनी विचारून झालंय. पण मित्रांनो, विषय आपलाच आहे. मोटरचा! कॉन्व्हेंटमध्ये 'एटीपी सिंथेस' हा शब्द मी दोन मार्कांसाठी पाठ केला होता. ते खरोखरचं फिरतं यंत्र आहे, हे कोणी सांगितलंच नाही. त्याला रोटर आहे, स्टेटर आहे. उजनीच्या पाण्यावर टर्बाइन फिरावं तसं ते प्रोटॉनच्या प्रवाहावर फिरतं आणि पेशीसाठी ऊर्जा तयार करतं. बेडाक्विलिन हे औषध क्षयाच्या जंतूतल्या नेमक्या त्या रोटरला जाऊन चिकटतं. मोटर जाम, जंतू खलास.

ते बेल्जियममधल्या जान्सेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी शोधलं. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला साधारण वीस तास घेतो (आमच्या सबमिशनसारखाच), म्हणून आधी त्याच्या एका झटपट वाढणाऱ्या भाऊबंदावर औषधं तपासली. शोधनिबंध २००५ चा, अमेरिकेत मंजुरी डिसेंबर २०१२ ची. त्याआधीचं मोठं औषध रिफाम्पिसिन, ते १९६० च्या दशकातलं. एवढी वर्षं जग काय करत होतं, असा प्रश्न मला पडतो. टीबी गरिबांचा रोग, एवढंच उत्तर सुचतं.

आमच्या भवानी पेठेत मागाच्या खडखडाटामुळे सगळेच मोठ्यानं बोलतात. माझे मामा मात्र माग बंद असला तरी "काय गं, मोठ्यानं बोल की" म्हणतात. २०१४ साली त्यांना एमडीआर टीबी झाला, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्हींना दाद न देणारा. दोन वर्षं औषध, त्यात सहा महिन्यांहून जास्त कॅनामायसिनची इंजेक्शनं. जंतू गेले, कानही गेले.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचंही टीबीच्या इंजेक्शनांनी असंच झालं. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासोबत त्यांनी बेडाक्विलिनच्या वाढीव पेटंटला हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट ऑफिसनं तो अर्ज फेटाळला. दोघींचेही कान औषधांनी गेले होते, पण त्यांचं म्हणणं ऐकावं लागलं!

आता बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन असा सहा महिन्यांचा कोर्स आहे. इंजेक्शन नाही. केंद्र सरकारनं त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. लिनेझोलिडनं हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होतं, म्हणून तपासण्या कराव्या लागतात. आणि जंतूही स्वस्थ बसलेला नाही. काही जंतूंमध्ये असा बदल होतो की त्यांचे पंप जोरात चालतात आणि बेडाक्विलिन बाहेर फेकतात. आपण मोटर अडवली, त्यानं पंप काढला!

आमच्या गल्लीतल्या एका दादाचा हाच कोर्स चालू आहे. चौथा महिना. वजन वाढलंय, खोकला थांबलाय, त्यामुळे आता त्याला गोळ्या नकोत, नाइट शिफ्ट हवीय. त्याची आई विड्या वळता वळता उठते आणि गोळी गिळून होईपर्यंत समोर उभी राहते.