चुक्याची जुडी

थंडी पडली की हॉटेलांत कपातून सूप येतं. टोमॅटोचं, मक्याचं. चार चमच्यांत संपतं. आमच्या बीदर-कलबुरगीकडचं हिवाळी सूप डेगभर असतं आणि त्याला भज्जी म्हणतात. भजी नव्हे! पुण्याकडचे पाहुणे इथे हमखास फसतात, तळलेलं काहीतरी येईल म्हणून वाट बघत बसतात.

भज्जी मार्गशीर्ष अमावास्येची, म्हणजे येळवशीची. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ आणि एळु म्हणजे सात. म्हणून कुणी हिला तिळाची अमावास्या म्हणतं, कुणी सातवी. आमच्या घरी हा वाद दरवर्षी व्हायचा आणि आंबिलीबरोबर मिटायचा. १९५६ साली जुना बीदर जिल्हा फुटला. भालकी, बीदर म्हैसूर राज्यात गेले, उदगीर, निलंगा मुंबई राज्यात. येळवस मात्र दोन्हीकडे राहिली.

आदल्या रात्री सगळं घर सोलायला बसतं. तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वाल. शेंगदाणे भिजत पडतात. मेथी, पालक, कांद्याची पात, गाजर, वांगी, आणि आंबट चुका तर हवाच. पहाटे हे सारं शिजवायचं, लसूण-मिरचीचा ठेचा घालायचा आणि हरभऱ्याचं पीठ चिंचेच्या पाण्यात कालवून वरून सोडायचं. तिथून पुढे हात थांबवायचा नाही, पीठ बुडाला धरतं. ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची आंबिल मडक्यात, बाजरीचे उंडे टोपलीत. मग सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा, रानात आंबिल शिंपायची आणि पंगत. या दिवशी आवतण लागत नाही. वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हाक मारून बसवतात.

हे मी मोठ्या तोंडानं सांगते खरी, पण दोन येळवशी मी स्वतः आवतणाची वाट बघत घरी बसले.

अण्णा २०१९ मध्ये गेले. पुढे तीन वर्षांनी भावानं हक्कसोडीचा कागद आणला. "अक्का, एक सही कर." २००५ च्या कायद्यानं मुलीचा वाटा मुलाइतकाच केलाय हे मला ठाऊक होतं. त्यालाही होतं. मोह नव्हता असं म्हणणार नाही. मुलाच्या शिक्षणाचा खर्च समोर दिसत होता. पण सहीला हात जाईना, त्याचं कारण तेवढंच नव्हतं. सही केली की त्या बांधावर मी पाहुणी होणार, असं काहीसं मनात आलं. म्हटलं, विचार करून सांगते. तो कागद ठेवून निघून गेला. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, बोलणं तरी झालं असतं.

पहिल्या वर्षी कलबुरगीच्या घरात, गॅसवर, आम्हा चौघांपुरती भज्जी केली. जमली नाही. सगळं घातलं होतं, पण चव उतरली नाही. चौघांची भज्जी होतच नाही बहुधा. मूठ मूठ घातलं तरी दहा-बाराजणांची होते. दुसऱ्या वर्षी मोठं पातेलं चढवलं आणि शेजाऱ्यांना हाक मारली. खालच्या मजल्यावरच्या आजी कन्नड बोलणाऱ्या, आळंद तालुक्यातल्या. यात पुंडीपल्ला का नाही म्हणून त्यांनी मला चांगलंच झापलं. ऑफिसमधली दखनी बोलणारी मैत्रीण दोनदा वाढून घेऊन वर डबा भरून घेऊन गेली. भज्जी छान झाली होती. हॉलमध्ये खुर्च्यांवर बसून खाल्ली, एवढंच.

२०२४ ची येळवस ३० डिसेंबरला, सोमवारी होती. आदल्या दिवशी सकाळी भावजयीचा फोन आला.

"अक्का, औंदा इकडं चुकाच नाही बघा. तिकडं कन्नी मार्केटात मिळतोय का? एक जुडी घेऊन या की."

गावात चुका नाही! पाटाच्या कडेला आपोआप येणारा चुका मी शहरातून विकत न्यायचा. मी काही बोलले नाही. दोन जुड्या घेतल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि दुपारची बस धरली. रात्री तिच्याशेजारी बसून शेंगा सोलल्या. भाऊ येऊन "कधी आलीस?" एवढं विचारून गोठ्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी शेतात हात धुवायला विहिरीकडे गेले, तर पाटाच्या दोन्ही अंगांना चुका गुडघ्याला लागत होता. मागून भावजय घागर घेऊन येत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग चुक्याकडे, आणि घागर भरायला लागली.

कोपीपुढे भाऊ वाढत होता. पहिला द्रोण माझ्या हातात देत म्हणाला, "मीठ बघ."

मीठ आई बघायची. ती गेल्यावर अण्णा बघत. मी चाखलं. थोडं कमी होतं, तसं सांगितलं. त्यानं घातलं आणि पुन्हा ढवळलं.

कागदाचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. तो अजून माझ्या कपाटात आहे, सहीवाचून. निघताना त्यानं स्टीलच्या डब्यात उरलेली भज्जी ऊन करून भरली, वर फडकं बांधलं. "डबा पुढच्या येळवशीला आण. घाई नाही."

हुमनाबादला बस बदलेपर्यंत तो मांडीवर गरम लागत होता.