गुरगुट्या भात

आमच्या घरात कुणी कुणाला 'थँक यू' म्हणत नाही. म्हटलं तर समोरचा दचकेल. 'धन्यवाद' हा शब्द तर गणपतीतल्या माईकसाठी राखून ठेवलेला. देणगीदार, मंडप डेकोरेटर, लाइटवाले. आईने वाढलेल्या आमटीला धन्यवाद म्हणणारा मुलगा मी नायगावात तरी पाहिलेला नाही. ऑफिसात मी दिवसाला वीस ईमेलच्या शेवटी आभार मानतो, तो भाग वेगळा. त्याचा पगार मिळतो.

हल्ली इन्स्टावर 'ग्रॅटिट्यूड जर्नल' बरंच चालतं. झोपण्याआधी तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. एका मैत्रिणीने मला त्यासाठी सुंदर वही दिली होती. त्या वहीत सध्या बाबांच्या गोळ्यांच्या वेळा आहेत.

फेब्रुवारीत बाबांना मेंदूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. अफेझिया. समोरच्याचं बरंचसं समजतं, पण आपला शब्द हाताला लागत नाही. गंमत अशी (दुसरा शब्द सुचत नाही) की एक ते वीस आकडे येतात, गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत येते, शिव्या तर लख्ख येतात. जे पाठ आहे ते शाबूत. 'पाणी' मात्र येत नाही.

आणि पाणी हीच सगळ्यात अवघड गोष्ट निघाली. दाट घास तोंडात सांभाळता येतो. पातळ पाणी जिभेवरून घसरतं, गळा सावध होण्याआधीच खाली पोचतं आणि श्वासनलिकेत शिरू शकतं. तिथून फुप्फुसात गेलं की न्यूमोनियाची भीती. म्हणून हॉस्पिटलातून घरी येताना औषधांपेक्षा जेवणाच्याच सूचना जास्त होत्या. सरळ बसवा. लहान चमचा. हनुवटी किंचित खाली. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. आणि अन्न असं हवं की चमचा तिरका केला तर धार लागू नये, गोळा पडावा.

आई सकाळी आठला कामावर जाते. मी रात्रपाळी करून सातला घरी येतो. म्हणजे दुपारचं जेवण माझ्याकडे. एक वाटी जुना तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, सात वाट्या पाणी, हळद, हिंग, कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. वाफ जिरली की पळीने घोटायचं, शीत दिसेनासं होईपर्यंत. वर साजूक तूप. आजी याला गुरगुट्या भात म्हणायची. आजारी माणसाचं, दात न आलेल्या बाळाचं आणि दात गेलेल्या म्हाताऱ्याचं जेवण.

एक वाटी भरवायला चाळीस मिनिटं लागतात. या चाळीस मिनिटांत मोबाइल बघता येत नाही, कारण गळा बघायचा असतो. चमचा तोंडात जातो. जबडा हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. मग कंठमणी वर जातो आणि खाली येतो. तो खाली आला की माझाही श्वास सुटतो. दुपारी दोनची वेळ, पॅसेजमध्ये कुणी नाही, कुठेतरी मिक्सर फिरून बंद होतो. मी कंठमण्याकडे बघत असतो. दिवसातला माझा सगळ्यात शांत वेळ हाच.

आमची खोली बीडीडी चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी. वरळी, ना. म. जोशी मार्ग, शिवडी आणि आमचं नायगाव. १६० चौरस फुटांची खोली, मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, संडास सामाईक. कुणाकडे काय शिजतंय ते इथे लपत नाही.

याच खोलीत आजीची खाणावळ होती. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेले एकटे पुरुष एका खोलीत दहा-पंधरा राहायचे, पाळीने झोपायचे आणि पाळीने जेवायचे. आजीकडे चौदा जण होते, बहुतेक स्प्रिंग मिलचे. पैसे पगार झाल्यावर मिळायचे, तोवर वाण्याची उधारी आजीच्या नावावर. गिरणगाव अशाच बायकांनी जेवू घातला, आणि त्यांच्या कामाला काम म्हणायलाच बराच काळ गेला. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या खाणावळवाल्या बायकांसाठीच. सावकाराच्या व्याजातून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आजी त्यात नव्हती. तिला सहीची भीती वाटायची.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा तेव्हा दहावीत होते. खाणावळीत पाणी वाढायचं काम त्यांचं. चौदातले नऊ जण हळूहळू गावी निघून गेले. उरलेल्या पाच जणांना आजीने आठ महिने उधारीवर जेवू घातलं. आमटी दिवसेंदिवस पातळ होत गेली, असं बाबा सांगायचे. शेवटी शेवटी डाळ मोजून घेता आली असती. पाचांपैकी दोघांनी पुढे सगळे पैसे फेडले. दोघांचा पत्ता लागला नाही. पाचवा मात्र दर मे महिन्यात गावाहून आला की कुळथाचं पीठ आणि आमसुलं आणून दारात ठेवायचा. बोलायचा काही नाही. चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि जायचा. मी लहानपणी त्यांना पाहिलंय. मला ते आमचे नातेवाईकच वाटायचे.

'अन्नदाता सुखी भव' म्हणून पानावरून उठायची रीत कुठेकुठे आहे. आमच्या चाळीत ती ऐकली नाही. आमच्याकडे वाटीचा कायदा आहे. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत द्यायची नाही. काहीच नसेल तर चिमूटभर साखर.

बाबा घरी आले त्या आठवड्यात समोरच्या काकूंनी विचारलं, "दाट म्हणजे किती दाट?" मी चमचा तिरका करून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून बांगड्याचं तिखलं आलं. काट्याची भीती म्हणून तुकड्या काढलेल्या, रस गाळलेला, तिखट निम्मं आणि तांदळाच्या पिठाने बरोबर तेवढा दाट केलेला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने असेल. त्या वाटीतून परत काय पाठवायचं? मला एकच पदार्थ येत होता. गुरगुट्या भात पाठवला. संध्याकाळी काकूंनी दारातूनच सांगितलं, "हिंग जास्त झालाय."

आमची चाळ आता रिकामी होणार आहे. पलीकडे टॉवर चढतायत. ५०० चौरस फुटांचं, आत संडास असलेलं घर मिळणार आणि मला ते हवंय. बाबांना खांद्यावर घेऊन पॅसेजच्या टोकापर्यंत दिवसातून चारदा जाणारा माणूस चाळीच्या आठवणींनी गहिवरत नाही. फक्त भांडी आवरताना आईला मांडणीत पाच वाट्या सापडल्या, दुसऱ्यांची नावं घातलेल्या. त्यातली एक तर वीस वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याला राहायला गेलेल्यांची. आई त्या ओळीने मांडून बसली होती. मी म्हटलं, देऊन टाकू. ती म्हणाली, "रिकाम्या?" रविवारी रव्याचे लाडू झाले. नालासोपाऱ्याची वाटी घेऊन मी ट्रेनने गेलो.

मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारी, चौथा की पाचवा चमचा असेल, बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मला वाटलं ठसका लागतोय. मी वाटी बाजूला ठेवली, त्यांना पुढे वाकवायला उठलो. ते मान हलवत राहिले. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"मी," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "मीठ."

मी थांबलो. खाली पोलीस मैदानावर कसलीतरी शिट्टी वाजत होती.

"कमी."

साडेचार महिन्यांनी, पाठ नसलेले दोन शब्द. आईला फोन लावला. ती म्हणाली, "मग बरोबरच आहे त्यांचं. तू घालतोसच कमी." नंतर ती काही बोलली नाही आणि फोनही ठेवला नाही. मागे शिलाई मशीनचा आवाज येत राहिला.

मीठ वाढवता येत नाही. रक्तदाब आहे. काकू म्हणाल्या, आंबट लागलं की मिठाची आठवण कमी येते. चार आमसुलं त्यांनीच दिली, वाटीतून. दुसऱ्या दिवशी भात घोटताना मी त्यांचं पाणी घातलं. बाबांनी पहिला चमचा तोंडात बराच वेळ धरला, गिळला आणि मान हलवली. नाही. तरी त्या दिवशी वाटी संपवली.