पाच मिनिटांचं खोदकाम

वर्धा, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. दिनूस,


परवा रात्री तुझा निरोप आला. "ताई, गोळ्या बंद केल्या. वावरात गेलं की सारं बरं होते. विनोबांनी पण कुदळच धरली होती, तूच तर सांगत होतीस." दोन रात्री झाल्या, शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाही.

हो, मीच सांगायची. दरवर्षी पोरांना पवनारला न्यायची आणि धाम नदीच्या पुलावर उभं करून तीच गोष्ट सांगायची. अशक्त झालेले विनोबा इथे आले, खोदायला लागले आणि धडधाकट झाले. खोदताना भरत-रामाची मूर्ती सापडली हे ऐकताना पोरांचे डोळे मोठे व्हायचे, की मला धन्य वाटायचं. तूही त्या पोरांत होतास. पण दिनू, मी ती गोष्ट इतकी वर्षं अर्धीच सांगितली. त्या अर्ध्या गोष्टीवर तू तुझा इलाज ठरवलास, म्हणून आज उरलेली अर्धी लिहिते.

१९३८ साली विनोबांचं वजन ८८ पौंडांवर आलं होतं. म्हणजे जेमतेम चाळीस किलो. गांधीजींनी त्यांना बोलावून घेतलं आणि तब्येतीवरून चांगलं फैलावर घेतलं. जमनालालजी बजाजांचा पवनारचा बंगला रिकामा होता, तिथे जायचं ठरलं. पूल ओलांडताना विनोबा मनाशी एकच म्हणत होते, सारं सोडलं, सारं सोडलं. आश्रमाची जबाबदारी आणि डोक्यातले सगळे विचार त्यांनी नदीच्या अलीकडे ठेवले. कुदळ त्यानंतरची. आणि पहिल्या दिवशी खोदलं किती? पाच मिनिटं! मग रोज थोडं थोडं वाढवत नेलं.

मी पोरांना नेहमी कुदळ दाखवली. पुलावर उतरवलेलं ओझं कधी दाखवलं नाही, ती पाच मिनिटंही नाहीत. शिवाय विनोबांचं दुखणं शरीराचं होतं, तुझं तसं नाही. तू तर सोसायटीचं कर्ज, पोरीचं कॉलेज आणि पऱ्हाटीचा भाव असं सगळं डोक्यावर घेऊन पहाटेपासून अंधार पडेपर्यंत वावरात राबतोस, आणि त्याला औषध म्हणतोस.

आपल्या जिल्ह्याला ही सवयच लागली आहे. सेवाग्राम, पवनार, सूतकताई, श्रमदान. कामाचं इतकं गुणगान ऐकत आपण वाढलो, की मन बसलेल्या माणसाला आपण पहिलं वाक्य ऐकवतो, "कामात लाग, विसरशील." ज्याच्याने अंथरुणातून उठवत नाही त्याला हे ऐकवणं म्हणजे मोडक्या पायाच्या माणसाला पळायला सांगणं आहे. आणि तो पळाला नाही की त्याला आळशी ठरवायचं. ज्या गांधीजींच्या नावाने हे सांगतात, त्यांनीच त्या १९३८ च्या एप्रिलात जाहीर निवेदनात कबूल केलं होतं, की आपला आत्मविश्वास गेला आहे, आपण निराशेत आहोत. तेव्हा ते शेगावात, म्हणजे आपल्या आजच्या सेवाग्रामात राहत होते. सारा देश ज्यांच्याकडे बघत होता त्यांना हे सांगायची लाज वाटली नाही. तुला सोसायटीतल्या चार माणसांची वाटते?

बाबांची खाट आठव. सगळे म्हणायचे, माणूस कामचुकार झाला. आईसुद्धा म्हणायची. त्या विहिरीच्या वर्षाबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. आजही पत्रात लिहवत नाही, पण मी काय म्हणते ते तुला कळतं.

आई गेली तेव्हा आपण दोघंही दुःखात होतो. तेराव्याला तू तिच्या पुरणपोळीची आठवण काढलीस, आपण रडलो आणि मग तिच्याच कुठल्याशा बोलण्यावर हसलोही. ते दुःख होतं, ते आपल्याबरोबर जेवायला बसायचं. आत्ता तुला जे झालं आहे ते तसं नाही. पोळ्याला तू बैल सजवत होतास, हात शिंगांवरून फिरत होते आणि तोंडावर काहीच नव्हतं. पहाटे तीनला जाग, भाकरीला चव नाही, पोरीचा निकाल लागला तरी "बरं झालं" एवढंच. रडू येत नाही म्हणालास, तेव्हाच मला धस्स झालं. सामान्य रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी ते नऊ प्रश्न विचारले आणि गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं ते मोजून घेतलं, तेव्हा मी शेजारीच बसले होते. शेवटच्या प्रश्नाला तू माझ्याकडे बघितलंस आणि "नाही" म्हणालास. ते मला खरं वाटलं नाही, दिनू.

तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून गोळ्या बंद केल्यास. अरे, त्या तापाच्या गोळ्या आहेत का? गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात, कुणाला सहाही. बरं वाटायला लागल्यावरसुद्धा निदान सहा महिने घ्याव्या लागतात, आणि थांबवायच्या त्या डॉक्टरांनी, हळूहळू कमी करत. एकदम सोडल्या की चक्कर येते, झोप उडते, आणि मग वाटतं गोळ्यांनीच बिघडवलं. या गोळ्यांनी माणूस वेडा होतो असं तुला पारावर ज्याने सांगितलं, त्याने स्वतःच्या शुगरची गोळी एक दिवस तरी चुकवली आहे का, विचार त्याला.

तू म्हणतोस हे शिकलेल्यांचं दुखणं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चारच जण कुणाची मदत घेत होते, दीड वर्षाने सत्तावीस घेऊ लागले. ती सगळी वावरातली माणसं होती, तुझ्यामाझ्यासारखी. आपल्याकडेही २०१५ पासून 'प्रेरणा' प्रकल्प आहे, वर्ध्यासह चौदा जिल्ह्यांत. आशाताई घरी आली तर तिला ओट्यावरूनच परत पाठवू नकोस. आणि रात्री फारच घेरून आलं तर १४४१६ लाव. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मलाही लाव, रात्री दोनला लाव. म्हाताऱ्या माणसाला झोप कमीच असते.

आणखी खूप लिहायचं होतं. भावाचं, कर्जाचं, सोयाबीन पिवळं पडलं त्याचं. कारण मला माहीत आहे, कापसाला नीट भाव मिळाला तर तुझं निम्मं ओझं गोळीशिवाय उतरेल आणि ते उतरवणं डॉक्टरीणबाईंच्या हातात नाही. ते भांडण भांडायचंच आहे, पण त्यासाठी तू हवास.

आता एक मागते, नाही म्हणू नकोस. फवारणीचे डबे आजच्या आज घरातून हलव. वहिनीला सांग, चुलत्यांच्या गोठ्यात कुलपात ठेवून किल्ली तिथेच राहू दे. का म्हणून तिने विचारलं तर माझं नाव सांग.

गुरुवारी सकाळच्या आर्वी गाडीने येते आहे. शुक्रवारी आपण दोघं मिळून दवाखान्यात जाऊ, तोवर उरलेल्या गोळ्या फेकू नकोस. त्या दिवशी वेचणीला बाया येणार आहेत हे मला ठाऊक आहे. कापूस एक दिवस थांबेल.

तुझी,
ताई