जुन्या मोटारीचे ब्रेक

कुर्ल्याच्या कारखान्यांत घडलेल्या पद्मिनी मोटारींपैकीं शेवटच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीनें ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. आमच्या घरची पद्मिनी मात्र अद्यापि चालते. आणि ती चालते कशी यापेक्षां थांबते कशी, याचीच काळजी आम्ही अधिक वाहतों. लोकांची रीत निराळी. भोंगा बिघडला तर तो त्याच दिवशीं दुरुस्त होतो. ब्रेकचें अस्तर मात्र पत्रा घांसूं लागेपर्यंत कोणी पाहात नाहीं.

एका कारागिरानें आम्हांस एकाच बाजूचे ब्रेक-शू बदलण्याचा सल्ला दिला होता. तसें केल्यास ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढते. रविवारीं उपासनेस जातांना याच गाडींत शेजारच्या वृद्ध आजीबाई व मुलें असतात. तेव्हांपासून हें काम आम्ही स्वतः करतों.

चाक काढण्यापूर्वीं गाडी भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवावी; नुसत्या जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. ड्रममधील धूळ फुंकूं नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे व तें फुप्फुसांस घातक. म्हणून ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. रबरी कप रॉकेलनें धुण्याची चाल तर फारच वाईट. त्यानें रबर फुगतें व कप अडकतो.

पास्कलचा नियम आमचे विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतात. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्वत्र सारखा पोंचतो; पायाचा जोर चारी चाकांस मिळतो तो याच न्यायानें. पण नळींत हवा शिरली कीं ती दबते आणि पेडल मऊ लागतें. ती हवा काढण्यास दोघे लागतात. आमचे चिरंजीव पेडल दाबून “दाबलं, बाबा” म्हणतात. आम्ही निपल सैल करतों, बुडबुडे निघतात. निपल आवळल्यावरच “सोड” म्हणतों. त्याआधीं पाय उचलला तर हवा पुन्हां आंत! एरव्हीं दहा हांका मारल्यावर ऐकणारा हा मुलगा येथें मात्र एका शब्दाची वाट पाहात बसतो.

मागील पाट्यांचे रबरी बुश बदलल्यावर नट शेवटचे आवळावयाचे ते गाडीचा भार चाकांवर आल्यानंतर. अधांतरीं आवळल्यास रबर पिळलेलेंच राहून लवकर फाटतें.

मग निर्मनुष्य वाटेनें, सावकाश, एकट्यानेंच फेरी मारावी. आमच्याकडे त्या दिवशीं आजीबाईंस गाडींत घेत नाहींत. दुसऱ्या दिवशीं ब्रेक-ऑईलची पातळी पाहतों, चारी चाकांपाशीं कोठें ओल दिसते कीं काय तें पाहतों, आणि मगच त्यांस निरोप धाडतों.