नंदादीपाचे तेल

गेल्या चवथीच्या दुसऱ्या दिवशी भाच्याने माझ्यासमोर एक वही ठेवली. म्हणाला, “मामा, कचेरीत तुम्ही दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासता. एकदा माझीही तपासा. हे चालवू की बंद करू, एवढंच सांगा.”

‘हे’ म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर. आमच्या गोव्यातल्या देवळांचे महाजन मुंबई, बेळगाव, बंगळूर कुठे कुठे पसरलेले. त्यांनी घरबसल्या अभिषेक नोंदवावा, पावती मिळावी, पालखीची पाळी कुणाची ते कळावे, आणि वर्षाअखेरीस देवस्थान समितीला जमाखर्च तयार मिळावा, अशी ती सोय. १९३३ च्या नियमावलीखाली चालणाऱ्या देवस्थानांना अंदाजपत्रक आणि हिशेब मामलेदाराकडे सादर करावे लागतात, तेव्हा ही सोय बरीच उपयोगाची. २०१९ मध्ये सुरू केले तेव्हा तीन देवळे होती, आता चौदा. प्रत्येकी महिना ४०० रुपये. म्हणजे जमा ५,६००.

माझी समजूत अशी की सॉफ्टवेअर एकदा लिहिले की झाले. ना माल, ना दुकानभाडे. खर्च तो कसला? वही उघडली आणि ही समजूत पहिल्याच पानावर गळून पडली.

पहिली नोंद सर्व्हरची. कंपनी अमेरिकेची, यंत्र बंगळूरला, बिल डॉलरमध्ये! भाडे १२ डॉलर, वर आठवड्याच्या बॅकअपचे २.४० डॉलर. डॉलर ८८ रुपये धरून १,२६७. त्यावर १८ टक्के जीएसटी, त्यावर बँकेची परकीय चलनाची कापणी. झाले १,५५०. भाच्याची उलाढाल वीस लाखांच्या जवळपासही नाही, म्हणून त्याची जीएसटी नोंदणी नाही. आणि नोंदणी नाही म्हणून भरलेला कर वळता करून घेता येत नाही.

दुसरी मोठी नोंद एसएमएसची. पाच हजार संदेश, एकाला वीस पैसे, करासह १,१८०. हे संदेश कुणीही उठून पाठवू शकत नाही. ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा मजकूर, दोन्ही आधी नोंदवावे लागतात.

बाकी किरकोळ. घरचे इंटरनेट ८३०, मदतीच्या फोनचा रिचार्ज ३००, कर सल्लागाराचे वर्षाला तीन हजार म्हणजे महिना २५०, ईमेल २००, बॅकअपची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायचे १५०, डोमेन नावाचे १००. एकूण खर्च ४,५६०. शिल्लक १,०४०.

गंमत म्हणजे ज्यावर सगळा डोलारा उभा, ते बरेचसे फुकट. लिनक्स फुकट, पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट, संकेतस्थळाच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट. ही सगळी कुणीतरी दूर बसून राखलेली सामाईक संपत्ती, आमच्या जुन्या गावकरीसारखी.

मी विचारले, “१५० रुपयांची ही दुसरी प्रत कशाला? बॅकअप आहे ना?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग २०२१ ची हकीकत सांगितली. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून कार्डावरून दर महिन्याला आपोआप होणाऱ्या वसुलीला रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. त्याच्या बँकेने सर्व्हरचे बिल नाकारले. सूचनेची ईमेल नको त्या ईमेलांच्या ढिगात गेली. कार्तिकातल्या पालखीच्या आदल्या रात्री सर्व्हर बंद! बॅकअप होता, पण त्याच बंद खात्यात. पहाटेपर्यंत हा मुलगा पाळीच्या यादीसाठी देवळांतल्या कारकुनांना फोन करत होता. पैसे भरल्यावर सर्व्हर सुरू झाला, पण दोन देवळांतून जे ऐकावे लागले, ते त्याला अजून पाठ आहे.

वही तपासून झाली. बेरजा बरोबर होत्या, पण एक नोंद नव्हती. मी विचारले, “तुझा पगार कुठे?”

“उरेल तो माझाच की मामा.”

कचेरीत असे बिल आले असते तर मी परत पाठवले असते. मी त्याला एक महिना तास लिहून ठेवायला सांगितले. कारकून पासवर्ड विसरला, पाऊण तास. खजिनदार बदलले, नव्यांना शिकवायला तीन तास. महिनाअखेरीस भरले २६ तास. १,०४० भागिले २६, म्हणजे तासाला चाळीस रुपये. तो आकडा पाहून आम्ही दोघेही काही बोललो नाही.

मग एका देवळाच्या समितीपुढे मी त्याच्याबरोबर गेलो. दर ७०० करावा, असा आमचा अर्ज. वयस्कर खजिनदार म्हणाले, “बाब, सॉफ्टवेअर तू एकदाच केलंस ना? मग दर महिन्याला पैसे कसले?”

भाचा सर्व्हरबद्दल सांगू लागला. मी त्याला थांबवले. म्हटले, “सभामंडपाला देणगीदार मिळतात, कारण तिथे नावाची फरशी बसते. नंदादीपाच्या तेलावर कुणाचं नाव नसतं. पण समई एकदाच घेतली म्हणून तेल एकदाच घालून चालतं का?”

खजिनदार हसले. मुखत्यार मात्र हसले नाहीत; त्यांनी वहीच मागितली आणि प्रत्येक नोंद वाचली. शेवटी एवढेच विचारले, “आणि हा रात्री जागतो, त्याचे कुठे लिहिलेत?” ठराव पास झाला.

सगळीकडे तसे झाले नाही. दोन देवळे सोडून गेली. बारा राहिली. जमा ८,४००, खर्च थोडा घटून ४,४००. तासाला दीडशेच्या आसपास पडतात. यावर संसार होत नाही, हे त्याला माहीत आहे. नोकरी तो शोधतोच आहे. पण सॉफ्टवेअर बंद करायचे नाही असे ठरले. वहीत आता खर्चाच्या बाजूला पहिली ओळ ‘चालकाचे मानधन’ अशी असते. ती मी माझ्या हाताने लिहून दिली आहे. कारकुनी अक्षरात.