खगोलशास्त्र शिकायचंय, पण कुठे?

जुन्नर तालुक्यात खोडदच्या आसपास जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या पसरल्या आहेत. विज्ञान दिनाला त्या पाहून आल्यापासून माझ्या भाचीने खगोलशास्त्राचाच ध्यास घेतला. भाईजान मात्र फार्मसीवर अडून बसले. ‘‘तारे मोजून पोट भरतं का?’’

मी म्हटलं, ‘‘भाईजान, त्या नावाची पदवी शोधत लांब जायला नको. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी., मग एम.एस्सी. पुढच्या संशोधनाच्या संस्था, आयुका आणि एनसीआरए, पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहेत. पीएच.डी.ला विद्यावेतन मिळतं. मन बदललं, तर बी.एड. करून माझ्यासारखी शिक्षिका होईल.’’

कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा प्रयोगशाळा, शिकवणारे आणि मुलींचं वसतिगृह पाहावं. भाईजान अजून ‘हो’ म्हणाले नाहीत. पण काल पुण्याला जाऊन वसतिगृहाची फी विचारून आले.