कारण ऐकणारे न्यायालय हवे

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी काम करताना तिचे गुप्त कागद वर्तमानपत्रांना देणारा एडवर्ड स्नोडेन देशभक्त की देशद्रोही, यावर तिथे २०१३पासून वाद चालू आहे. दोन्ही बाजू आता इतक्या पक्क्या झाल्या आहेत की त्या वादातून नवे काही हाती लागत नाही. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते त्याच्यावरचे आरोप. १४ जून २०१३ रोजी व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयात दाखल झालेल्या तक्रारीत तीन आरोप आहेत : सरकारी मालमत्तेची चोरी, राष्ट्रीय संरक्षणाची माहिती परवानगीवाचून दुसऱ्याला देणे आणि दूरसंचार टेहळणीविषयीची गुप्त माहिती अनधिकृत व्यक्तीच्या हाती सोपवणे. शेवटचे दोन आरोप हेरगिरीविरोधी कायद्याखाली येतात. पहिल्या महायुद्धात उतरल्यावर काही आठवड्यांतच, १९१७ साली, अमेरिकेने हा कायदा केला. शत्रूला गुपिते विकणारा हेर आणि सरकार काय करते आहे हे आपल्याच नागरिकांना वर्तमानपत्रांतून कळवणारा जागल्या, या दोघांना तो एकाच पिंजऱ्यात उभे करतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

स्नोडेनने काय उघड केले, ते आधी पाहू. ‘गार्डियन’ने ५ जून २०१३ रोजी छापलेला पहिला कागद म्हणजे एका गुप्त न्यायालयाचा आदेश होता. व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीच्या एका विभागाने आपल्या ग्राहकांच्या सर्व फोनची नोंद, म्हणजे कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला याचा तपशील, रोजच्या रोज राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला द्यावा, असे त्यात होते. देशांतर्गत फोन त्यात होते आणि अमेरिकेतून परदेशी होणारेही होते. न्यू जर्सीतल्या मुलीने पुण्यातल्या आईला केलेला फोनही अशा आदेशाच्या कक्षेत येतो. पुढे छापलेल्या एका नकाशानुसार, मार्च २०१३ या एकाच महिन्यात त्या संस्थेने भारताशी संबंधित ६.३ अब्ज नोंदी गोळा केल्या होत्या. त्याच मार्चमध्ये सिनेटर रॉन वायडेन यांनी गुप्तचर विभागाचे संचालक जेम्स क्लॅपर यांना सिनेटच्या समितीपुढे सरळ विचारले होते, की लाखो अमेरिकनांची माहिती गोळा केली जाते का. उत्तर आले, ‘नाही’. हे उत्तर खोटे होते, हे देशाला कळले ते स्नोडेनच्या कागदांमुळेच. नंतर २०१५मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने ही घाऊक नोंदणी कायद्याला धरून नसल्याचा निर्णय दिला, महिन्याभरात काँग्रेसने कायदा करून ती थांबवली, आणि २०२०मध्ये आणखी एका अपील न्यायालयाने तिला बेकायदा ठरवले. म्हणजे सरकारचे कृत्य बेकायदा ठरले, आणि ते उजेडात आणणाऱ्यावरचा आरोप मात्र कायम राहिला.

‘मर्द असशील तर परत ये आणि खटल्याला सामोरा जा,’ या अर्थाचे आव्हान तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी रशियात असलेल्या स्नोडेनला दिले होते. ऐकायला ते रास्त वाटते. ज्याने कायदा मोडला त्याने न्यायालयात उत्तर द्यावे, यात वावगे काय? पण हेरगिरीविरोधी कायद्याखालच्या खटल्यात उत्तर देण्याची सोयच ठेवलेली नाही. माहिती गुप्त होती का आणि आरोपीने ती जाणूनबुजून दिली का, एवढेच तिथे तपासले जाते. का दिली, ती लोकांना कळणे गरजेचे होते का, तिच्यातून बेकायदा कारभार बाहेर आला का, हे प्रश्न गैरलागू ठरतात. डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाविषयीचे पेंटॅगॉनचे कागद उघड केले, तेव्हा त्यांच्यावरही हाच कायदा लावला गेला. १९७३च्या खटल्यात त्यांच्या वकिलांनी त्यांना विचारले, की तुम्ही या कागदांच्या नकला का केल्या. सरकारी पक्षाने हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती मान्य केली, आणि एल्सबर्ग यांना ज्यूरीपुढे उत्तर देता आले नाही. ते सुटले, पण ते त्यांच्या बाजूचा विचार होऊन नव्हे. सरकारच्या माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना फोडला होता आणि असे इतर गैरप्रकारही उघड झाले, म्हणून खटला रद्द झाला. लोकहिताचा बचाव ज्यूरीपुढे मांडू दिला तर परत येईन, असे स्नोडेनने सांगितले आहे. ती हमी त्याला मिळालेली नाही.

अशा बचावावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की कोणते गुपित फोडावे हे प्रत्येक कर्मचारी आपापल्या मनाने ठरवू लागला तर गुप्ततेला अर्थ उरणार नाही. हे मला मान्य आहे. सैन्याच्या हालचाली आणि परदेशात जीव धोक्यात घालून काम करणाऱ्यांची नावे गुप्त राहिलीच पाहिजेत. दुसरा आक्षेप, त्याने आधी खात्यातच तक्रार करायला हवी होती. राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतल्याच थॉमस ड्रेक यांनी तेच केले होते. वरिष्ठ, महानिरीक्षक, काँग्रेसची समिती, सगळीकडे त्यांनी दाद मागितली. पुढे ते एका पत्रकाराशी बोलले आणि २०१० साली त्यांच्यावर याच कायद्याखाली खटला भरला गेला. पुढच्या वर्षी सारे गंभीर आरोप गळून पडले आणि एक किरकोळ गुन्हा तेवढा शिल्लक राहिला, पण तोवर त्यांची नोकरी गेली होती. हे पाहिलेल्या माणसाला ‘आधी तक्रार कर’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. स्नोडेनने बाहेर नेलेले सगळेच कागद अमेरिकी नागरिकांच्या हक्कांशी संबंधित नव्हते. चीनमधल्या संगणकांवर अमेरिका करत असलेल्या हेरगिरीची माहिती त्याने हाँगकाँगच्या वर्तमानपत्राला दिली. आज तो रशियाचा नागरिक आहे, आणि तिथले सरकार आपल्या टीकाकारांना कसे वागवते हे जगाला ठाऊक आहे. चीनविषयीच्या माहितीचे समर्थन मी करणार नाही. पण एका कागदाने लोकांचे भले झाले आणि दुसऱ्याने देशाचे नुकसान, असे असेल तर दोन्ही वेगवेगळे तोलायला कोणीतरी हवेच, आणि हा कायदा ते काम न्यायालयाला करूच देत नाही. रशियाचे म्हणाल, तर तो हाँगकाँगहून मॉस्कोला पोचला तेव्हा त्याचा पासपोर्ट अमेरिकेने रद्द केलेला होता, आणि तो महिन्याहून अधिक काळ तिथल्या विमानतळावर अडकून पडला होता.

अशी तोलणी अशक्य नाही. कॅनडाच्या कायद्यात २००१पासून लोकहिताचा बचाव आहे, आणि तो सैल मुळीच नाही. सरकारी यंत्रणेकडून गुन्हा घडल्याचे मानायला रास्त कारण असले पाहिजे, आधी वरिष्ठांकडे दाद मागितलेली असली पाहिजे, आणि उघड करण्यातले हित गुप्ततेतल्या हिताहून मोठे असले पाहिजे. सहसा या अटी पुऱ्या कराव्याच लागतात. शेवटी ठरवते न्यायालय, कर्मचारी नव्हे. पहिल्या आक्षेपाला यात पुरते उत्तर आहे. ब्रिटन मात्र उलट दिशेने गेले. ब्रिटनने बुडवलेल्या ‘बेल्ग्रानो’ या अर्जेंटिनाच्या युद्धनौकेविषयीचे कागद खासदाराला देणारे सरकारी अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग यांना १९८५मध्ये न्यायाधीशांच्या सूचनेविरुद्ध ज्यूरीने निर्दोष सोडले, आणि चारच वर्षांत सरकारने नवा कायदा करून त्या बचावाची वाट बंद केली. सामान्य नागरिकांनी हेतू ऐकला तर ते काय ठरवतील, याचीच ती धास्ती होती.

ज्यांच्या खात्याने स्नोडेनवर आरोप ठेवले, ते ॲटर्नी जनरल एरिक होल्डर पदावरून उतरल्यावर २०१६ साली म्हणाले, की त्याने सुरू केलेली चर्चा ही लोकसेवाच होती, पण त्याला शिक्षा झाली पाहिजे. मला हे वाक्य प्रामाणिक वाटते, आणि त्याचे दोन्ही भाग ज्यूरीपुढे यावेत असे वाटते. खोटे उत्तर देणाऱ्या क्लॅपर यांच्यावर मात्र खटला भरण्याची मुदत मार्च २०१८मध्ये उलटून गेली. त्यांच्यावर कधीही आरोप ठेवला गेला नाही. स्नोडेनला बिनशर्त माफी द्या, अशी माझी मागणी नाही. अमेरिकी काँग्रेसने या कायद्यात लोकहिताच्या बचावाचे एक कलम घालावे, त्याला परत बोलवावे, आणि बारा नागरिकांना त्याची कारणे ऐकून निकाल देऊ द्यावा.